लॉक नसलेला कर्नेल लॉग बफर: एआरएम बोर्डावर ओळी एकमेकांत मिसळतात, रेस नेमकी कुठं?

उद्यमबाग

फौंड्रीतल्या इंडक्शन भट्टीच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आहे. चार कोअरचा ६४-बिट एआरएम, त्यावर लिनक्स. तापमान, करंट आणि थंड पाण्याचा दाब यांच्या नोंदी ड्रायव्हर स्वतःच्या ६४ केबी गोल बफरमध्ये टाकतो. लिहिणारे सगळीकडून येतात: साधे थ्रेड, टायमर, इंटरप्ट आणि वॉचडॉगचा एनएमआय (बंद न करता येणारा इंटरप्ट). एनएमआय असल्यामुळं लॉक ठेवलेला नाही.

रचना अशी. हेडवर (पुढची जागा दाखवणारा आकडा) अ‍ॅटॉमिक फेच-अ‍ॅड करून, म्हणजे जुना आकडा घेऊन त्याच दमात त्यात भर घालून, जागा घ्यायची, तिथं लांबी आणि मजकूर कॉपी करायचा, शेवटी नोंदीच्या पहिल्या बाइटमध्ये 'तयार' खूण करायची. वाचणारा थ्रेड एकच. खूण दिसली की नोंद उचलतो.

इंटेल पीसीवर हे बहुतेक वेळा नीट चालतं. बोर्डावर भार वाढला की एका ओळीत दुसरीचा तुकडा येतो, कधी मागच्या फेरीतला जुना मजकूर नव्या वेळेसह दिसतो, काही ओळींच्या शेवटी अर्धवट अक्षरं येतात, आणि पॅनिक झाल्यावर (कर्नेल कोलमडल्यावर) शेवटच्या ओळी मिळतच नाहीत. हे चारही एकाच रेसमुळं (कोण आधी पोचतो यावर अवलंबून असलेल्या चुकीमुळं) होतंय की वेगवेगळ्या?

शहापूरकर

वेगवेगळ्या. पहिली तुमच्या फेच-अ‍ॅडमध्येच आहे, तिच्यापासून सुरू करा.

फेच-अ‍ॅड झाला की जागा तुमची झाली. ती रिकामी होती का, हे विचारायची संधीच राहत नाही आणि परतही करता येत नाही. समजा हेड १००० वर आहे. सीपीयू २ ने ८० बाइट घेतले आणि मजकूर अर्धा कॉपी झालेला असताना त्यावर इंटरप्टांचा मारा सुरू झाला. तेवढ्यात बाकीच्या तीन कोअरनी मिळून एक पूर्ण फेरी मारली. हेड आता ६६,५३६ वर, म्हणजे ६५,५३६ वजा केले की परत १००० वर. पुढचा रायटर त्याच ८० बाइटांवर लिहायला लागतो. सीपीयू २ जागा झाला की उरलेला अर्धा मजकूर त्याच्यावर ओततो. खूण दोघांनीही केली, वाचणाऱ्याला दोन्ही 'तयार' दिसतात. बॅरिअर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना) कितीही घाला, हे थांबणार नाही.

इथं कम्पेअर-एक्सचेंजचा (आकडा अजून तोच असेल तरच बदलण्याचा) लूप लागतो. हेड वाचायचं, नवं हेड काढायचं, आणि नवं हेड वजा टेल (सगळ्यात जुन्या नोंदीची जागा) हे बफरच्या आकारापेक्षा जास्त होत असेल तर आधी टेल पुढं ढकलायची. टेल ढकलता येईल ती तिथली नोंद पूर्ण झालेली असेल तरच. अजून कुणी लिहीत असेल तर तुमची नोंद टाकून द्यायची, टाकलेल्यांचा एक अ‍ॅटॉमिक मोजणारा वाढवायचा आणि परत फिरायचं. मग हेडवर कम्पेअर-एक्सचेंज. हेड मधे बदललेलं निघालं तर पहिल्यापासून.

"थोडं थांबून बघू" हा पर्याय नाही. अडलेला रायटर तुमच्याच सीपीयूवर, तुमच्याच एनएमआयच्या खाली दबलेला असू शकतो. तुम्ही थांबलात तर तो कधीच पुढं जाणार नाही. म्हणून लॉक नसलेल्या लॉगमध्ये नोंद नाकारली जाणं हा रचनेचाच भाग आहे. लिनक्सचा स्वतःचा प्रिंटके बफरही (कर्नेलचे संदेश ठेवणारा) राखीव जागा मिळाली नाही की असंच परत फिरतो आणि मोजतो.

उद्यमबाग

पटलं. म्हणजे टेलवरची नोंद पूर्ण झाली का, हे तिच्या पहिल्या बाइटमधल्या खुणेवरूनच बघायचं ना?

हिंडलगा

नाही, ती खूण हीच दुसरी रेस. मागच्या फेरीतला जुना मजकूर नव्या वेळेसह दिसतो तो तिच्यामुळं. खुणेचा बाइट मजकुराच्या जागेत आहे. एक फेरी झाली की तिथं जुन्या नोंदीचा कुठलाही बाइट असू शकतो, जुनी 'तयार' खूणसुद्धा. नवा रायटर जागा घेतो आणि खूण पुसतो, या दोन कृतींच्या मधे वाचणारा आला की त्याला जुनी खूणच दिसणार.

नोंदीची स्थिती मजकुरापासून वेगळी काढा. लिनक्स ५.१० मध्ये, म्हणजे २०२० च्या डिसेंबरमध्ये, प्रिंटकेचा नवा लॉक नसलेला बफर आला. जॉन ओग्नेस यांचं काम. त्यात डिस्क्रिप्टरांचा (नोंदीची स्थिती आणि मजकुराची जागा सांगणाऱ्या खणांचा) एक गोल आणि मजकुराचा दुसरा गोल असे भाग आहेत. प्रत्येक डिस्क्रिप्टरमध्ये एक अ‍ॅटॉमिक शब्द. त्याच्या वरच्या २ बिटांत स्थिती आणि उरलेल्या ६२ बिटांत आयडी. स्थिती ० राखीव, १ कमिट, २ अंतिम, ३ पुन्हा वापरण्याजोगा.

आयडी आणि स्थिती एकाच शब्दात आहेत, यातच सगळं बळ आहे. डिस्क्रिप्टर ४०९६ असतील तर आयडी ५ आणि आयडी ४१०१ एकाच खणात बसतात. आयडी ५ घेऊन झोपलेला सीपीयू फेरीनंतर उठला आणि 'राखीवचा कमिट करतो' म्हणाला, तर शब्दात आता ४१०१ आहे. त्याचा कम्पेअर-एक्सचेंज फसतो आणि नव्या नोंदीला धक्का लागत नाही. स्थिती एका शब्दात आणि आयडी शेजारच्या शब्दात ठेवलात तर दोन्हींच्या मधे फट राहते आणि रेस परत आत येते.

आकाराचं गणित आधी करून घ्या, मेमरी इथंच जाते. प्रिंटके सरासरी नोंद ३२ बाइटांची धरतं. १२८ केबी बफर भागिले ३२ म्हणजे ४०९६ डिस्क्रिप्टर. तुमच्या ६४ केबीला त्या हिशेबानं २०४८. ६४-बिटावर डिस्क्रिप्टर २४ बाइटांचा. ५.१० मधली माहितीची नोंद ८८ बाइटांची, त्यातले ६४ नुसते उपप्रणाली आणि उपकरणाच्या नावासाठी. दोन्ही मिळून ११२ गुणिले २०४८, म्हणजे २२४ केबी. मजकूर ६४ केबी आणि त्याचा हिशेब २२४! तुम्हाला उपकरणाचं नाव लागत नाही, ते ६४ बाइट काढा. सरासरी ६४ धरा. १०२४ डिस्क्रिप्टर गुणिले ४८ बाइट म्हणजे ४८ केबी.

मच्छेकर

कमिट आणि अंतिम अशा दोन स्थिती कशाला? रायटरनं लिहून संपवलं की झालं की.

हिंडलगा

प्रिंटकेमध्ये ओळ तुकड्यांनी लिहिता येते. पहिला तुकडा लिहून कमिट केला, मग त्याच रायटरला शेवटची नोंद पुन्हा उघडून पुढं जोडता येते, म्हणजे कमिटवरून परत राखीव. वाचणाऱ्यानं ती मधेच उचलू नये म्हणून अंतिम स्थिती वेगळी. पुढच्या नोंदीसाठी जागा घेतली गेली की आधीची अंतिम होते, किंवा ओळ पूर्ण असेल तर रायटर स्वतःच तसं करतो. भट्टीच्या लॉगमध्ये प्रत्येक नोंद एकाच दमात लिहिली जाते. इथं कमिट ही स्थिती काढून टाका, तीन पुरेत. जितके बदल कमी तितक्या तपासायच्या जागा कमी.

खानापूरकर

आता इंटेलवर चालतं आणि एआरएमवर फसतं त्याबद्दल. इंटेलवर एका कोअरचे दोन स्टोअर (मेमरीत लिहिणं) इतरांना त्याच क्रमानं दिसतात, दोन लोडही (मेमरीतून वाचणं) क्रमानं होतात. फक्त आधीचा स्टोअर आणि नंतरचा लोड यांची अदलाबदल होऊ शकते. एआरएमवर यातल्या कशाचीच हमी नाही. मजकूर लिहून मग खूण केली तरी दुसऱ्या कोअरला खूण आधी आणि मजकूर नंतर दिसू शकतो. म्हणून रायटरचा शेवटचा स्थितीबदल किमान रीलीज हवा, म्हणजे त्याच्या आधीचं लिहिणं त्याच्यानंतर दिसणार नाही.

रीडरकडं बहुतेक जण चुकतात ती जागा अशी. रीडर स्थिती वाचतो, मजकूर कॉपी करतो, आणि कॉपी होईपर्यंत जागा कुणी पुन्हा वापरली नाही ना हे बघायला स्थिती परत वाचतो. पुष्कळ कोडमध्ये दोन्ही वाचनं लोड-अक्वायरनं केलेली दिसतात आणि ते बरोबर वाटतं. दुसऱ्या वाचनाला अक्वायरचा उपयोग नाही. अक्वायर त्याच्या *नंतरचे* लोड वर सरकू देत नाही. त्याच्या *आधीचे* लोड, म्हणजे तुमची कॉपी, खाली सरकायला मोकळेच असतात. मग स्थिती 'ठीक आहे' असं वाचलं जातं आणि कॉपीतले शेवटचे काही बाइट त्यानंतर, जागा दुसऱ्याची झाल्यावर येतात. कॉपी आणि दुसरं वाचन यांच्या मधे एसएमपी-आरएमबी (वाचनांचा क्रम पाळणारा बॅरिअर) हवाच. ६४-बिट एआरएमवर तो डीएमबी आयएसएचएलडी होतो, फार महाग नाही.

पूर्ण क्रम असा: स्थिती वाचा, आयडी जुळतो आणि स्थिती अंतिम आहे का बघा, आरएमबी, डिस्क्रिप्टरमधली जागा आणि मजकूर कॉपी करा, आरएमबी, स्थिती परत वाचा, शब्द तोच नसेल तर केलेली कॉपी फेकून द्या. मधल्या काळात त्या कॉपीतल्या लांबीवर विश्वास ठेवून काही करू नका. ती कचरा असू शकते, म्हणून कॉपीआधी ती बफरच्या मर्यादेत आहे का ते तपासा.

रायटरकडं उलट बाजू. जुनी नोंद 'पुन्हा वापरण्याजोगी' झाली आणि टेल पुढं सरकली, हे इतरांना दिसल्यावरच नव्या मजकुराचा पहिला बाइट दिसायला हवा. हेडवरचा कम्पेअर-एक्सचेंज नुसता रीलीजवाला असेल तर त्याच्यानंतरचे स्टोअर वर चढू शकतात. तिथं पूर्ण बॅरिअरवालाच वापरा, रिलॅक्स्ड किंवा रीलीज प्रकार नको. आणि लिनक्सच्या नियमांत *फसलेला* कम्पेअर-एक्सचेंज क्रमाची कुठलीच हमी देत नाही. फसल्यावर पुढं जे वाचणार ते ताजं असेल असं धरून कोड लिहिलेला असतो, तिथं वेगळा बॅरिअर टाकावा लागतो.

शहापूरकर

खानापूरकरांनी सांगितलेल्या रायटरच्या बाजूला एक जास्तीचं कोडं आहे, टेल ढकलण्याचं. मजकुराच्या प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला ८ बाइटांचा आयडी ठेवायचा, म्हणजे टेलवरच्या ब्लॉकचा मालक डिस्क्रिप्टर कोणता ते कळतं. आता सीपीयू अ नं टेल वाचली, आणि तिथला आयडी वाचायच्या आत सीपीयू ब नं टेल सरकवून त्या जागी नवा मजकूर लिहिला. अ च्या हातात आयडी म्हणून मजकुराचे आठ बाइट आले.

हे टाळता येत नाही. ओळखता मात्र येतं. त्या आयडीचा डिस्क्रिप्टर काढा. त्यातला आयडी जुळतो का, आणि त्यात नोंदलेली ब्लॉकची सुरुवात तुमच्या टेलइतकीच आहे का, दोन्ही बघा. नुसता आयडी जुळून चालत नाही, कचरा योगायोगानं खऱ्या आयडीसारखा निघू शकतो. जुळलं नाही तर आरएमबी, आणि टेल पुन्हा वाचा. टेल सरकलेली असेल तर दुसऱ्यानं काम केलंय, नव्या टेलपासून परत सुरू करा. टेल तीच असेल तर खरोखर अडलंय, नोंद नाकारा.

क्रमही ठरलेला आहे: डिस्क्रिप्टर आधी पुन्हा वापरण्याजोगा, मग मजकुराची टेल पुढं, आणि सगळ्यात शेवटी डिस्क्रिप्टरांची टेल. उलटं केलं तर नव्या नोंदीला खण मिळतो आणि जुन्या ब्लॉकला मालक राहत नाही.

जागा ८ च्या पटीत घ्या. ५७ बाइटांचा मजकूर अधिक ८ म्हणजे ६५, घ्यायचे ७२. त्यामुळं कुठल्याही जागेचा सर्वांत खालचा बिट नेहमी ० राहतो, आणि मजकूर नसलेल्या नोंदीसाठी तिथं १ वापरता येतो. बफरच्या शेवटी ब्लॉक पूर्ण मावत नसेल तर तोडू नका. शेवटी फक्त आयडी लिहा, आणि आयडीसकट सगळा ब्लॉक सुरुवातीला न्या. काही बाइट वाया जातात, पण रीडरला सलग मजकूर मिळतो.

उद्यमबाग

डिस्क्रिप्टर वेगळे काढून, वरच्या क्रमानं लिहिल्यावर मिसळणं आणि जुना मजकूर दोन्ही बंद. शेवटची अर्धवट अक्षरं मात्र अजून येतात, तीही ठरावीक नोंदींतच: ऑपरेटरसाठीच्या कन्नड आणि मराठी सूचना.

चिकोडीकर

ती रेस नाही. देवनागरी आणि कन्नड दोन्हींना यूटीएफ-८ मध्ये एका चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त यांचे ३-३ वेगळे. तुमचा ड्रायव्हर लांब नोंद ठरावीक बाइटांवर कापत असणार. काप तीन बाइटांच्या मधे पडला की चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. कापायच्या जागेवरचा बाइट ०x८० ते ०xबीएफ मधला असेल तर तो चिन्हाच्या मधला आहे. तसा नसलेला बाइट सापडेपर्यंत मागं या आणि तिथं कापा. जास्तीत जास्त दोन पावलं.

साखर कारखान्यांच्या बॉयलर पॅनेलवरही दोन्ही भाषांतल्या सूचना असतात, तिथंही हे लागतं. आणि याचा परिणाम हिंडलगा यांच्या गणितावर होतो. ३० चिन्हांची सूचना म्हणजे ९० बाइट. अशा नोंदी जास्त असतील तर सरासरी १२८ धरा, ५१२ डिस्क्रिप्टर पुरतील. डिस्क्रिप्टर उगाच जास्त ठेवले तर मजकूर आधी संपतो आणि ते रिकामे पडून राहतात.

टिळकवाडी

मला एक मूलभूत शंका आहे. एवढं सगळं खरंच लागतं का? प्रत्येक सीपीयूला वेगळा बफर द्या, वाचताना वेळेनुसार जुळवा. किंवा एनएमआयमधली नोंद वेगळ्या छोट्या जागेत ठेवा आणि बाकीच्यांना रॉ स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत फिरत थांबायचा लॉक), इंटरप्ट बंद करून.

शहापूरकर

एनएमआय नसता तर मी स्पिनलॉकच सांगितला असता, आणि तेच बरोबर ठरलं असतं. सीपीयूनुसार बफर केले तरी त्याच सीपीयूवर थ्रेडच्या डोक्यावर इंटरप्ट आणि त्याच्या डोक्यावर एनएमआय येतोच. म्हणजे राखीव-अंतिम हा खेळ तिथंही लागतो, फक्त दुसऱ्या कोअरशी स्पर्धा उरत नाही. आणि चारपैकी एक सीपीयू गप्प असेल तर त्याची मेमरी पडून राहते, गोंधळ घालणाऱ्याचा इतिहास मात्र लवकर पुसला जातो. एनएमआयसाठी वेगळी जागा ही जुन्या प्रिंटकेची वाट. त्यातल्या नोंदी नंतर मुख्य बफरमध्ये हलवाव्या लागायच्या, आणि पॅनिकमध्ये तो हलवण्याचा क्षणच हुकायचा. भट्टीवर शेवटची ओळ सगळ्यात मोलाची असते, म्हणून मी इथं एकच बफर निवडेन.

चिकोडीकर

शेवटच्या ओळी जातात कुठं तेही सांगतो. पॅनिकमध्ये एक सीपीयू बाकीच्यांना थांबवतो. त्यातला एखादा नोंद राखीव करून अर्ध्यात असतो, ती आता कधीच अंतिम होणार नाही. रीडर तिच्यापाशी येऊन 'अजून तयार नाही' म्हणून थांबतो, आणि तिच्यानंतरच्या सगळ्या पूर्ण नोंदी मागं अडकतात. एरवी थांबणं बरोबर आहे, नाहीतर क्रम बिघडतो. पॅनिकमध्ये, आणि फक्त पॅनिक चालवणाऱ्या सीपीयूवर, अपूर्ण नोंद ओलांडून पुढची पूर्ण नोंद शोधा. प्रिंटकेमध्येही २०२४ मध्ये हाच बदल आला.

प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक द्या. रीडरला ५०० नंतर ५०७ मिळाला तर सहा नोंदी वाचण्याआधी पुसल्या गेल्या किंवा ओलांडल्या गेल्या. नाकारलेल्या नोंदींना क्रमांकच मिळत नाही, त्या वेगळ्या मोजणाऱ्यात. दोन्ही आकडे वेगळे छापा. पहिला वाढत असेल तर रीडर संथ आहे, दुसरा वाढत असेल तर कुणी रायटर राखीव करून फार वेळ बसतोय.

मच्छेकर

हे सगळं तपासायचं कसं? भट्टी चालू ठेवून रेसची वाट बघणं शक्य नाही.

खानापूरकर

बफर मुद्दाम लहान करा: ८ डिस्क्रिप्टर, ५१२ बाइट मजकूर. फेरी सतत पूर्ण होत राहते. प्रत्येक सीपीयूवर एक थ्रेड आणि एक हाय-रेझोल्यूशन टायमर लिहिता ठेवा. प्रत्येक नोंदीत सीपीयूचा क्रमांक, त्या रायटरचा स्वतःचा चढता आकडा, आणि १ ते ६० पर्यंत बदलत्या लांबीचं एकच अक्षर पुन्हा पुन्हा. रायटरला अक्षर ठरवून द्या. रीडरनं तीन गोष्टी बघायच्या: सगळी अक्षरं एकच आहेत, लांबी जुळते, आणि त्या रायटरचा आकडा मागं गेलेला नाही. मधले आकडे गाळलेले चालतील, मागं गेलेला चालणार नाही.

सुरुवातीचे आकडे शून्य ठेवू नका. मजकुराची जागा वजा बफरच्या आकारापासून, आयडी वजा (डिस्क्रिप्टर अधिक १) पासून. मग पूर्णांक ओलांडून शून्यावर येणं पहिल्याच फेरीत घडतं, आणि तिथली चूक असेल तर वर्षांनी नाही, सुरू करताच सापडते. पहिल्या फेरीत मात्र न वापरलेल्या खणाचा शब्द ० असतो, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'आयडी ०, राखीव' असा होतो. जागा घेताना तेवढा अपवाद लिहावा लागतो.

चाचणी एआरएमवरच चालवा, इंटेलवर पास झाली तरी तिला अर्थ नाही. बोर्डावर खरा एनएमआय नसेल तर जीआयसी-व्ही३ (एआरएमचा इंटरप्ट कंट्रोलर) असल्यास कर्नेलमध्ये स्यूडो-एनएमआय चालू करता येतो. केसीसॅन हा डेटा-रेस शोधक ५.८ पासून कर्नेलमध्ये आहे, तोही लावा. मजकुराची कॉपी ही इथं ठरवून केलेली रेस आहे, तेवढ्याच जागी डेटा-रेसची सूट द्या, अख्ख्या फाइलला नको. आणि रीडर-रायटरचा चार ओळींचा क्रम हर्ड७ या मेमरीचे नियम तपासणाऱ्या साधनात लिटमस (छोटी चाचणी) करून बघितला तर एखादा बॅरिअर काढल्यावर काय बिघडतं ते कागदावरच दिसतं.

उद्यमबाग

एक शेवटचं. याच ड्रायव्हरचा जुना बोर्ड ३२-बिट आहे. तिथं आयडीला ३० च बिट उरतात. पूर्ण फेरी होऊन तोच आयडी परत आला तर?

हिंडलगा

येऊ शकतो, तात्त्विक पातळीवर. मजकुराची जागा ३२ बिटांत ४ जीबीला परत पहिल्या आकड्यावर येते. म्हणजे एका रायटरला एनएमआयनं अडवलेलं असताना १ केबीच्या सुमारे ४० लाख नोंदी व्हाव्या लागतील, तेव्हा त्याला फरक कळणार नाही. भट्टीच्या बोर्डावर तेवढा वेळ एनएमआयमध्ये गेला तर वॉचडॉगनं आधीच रीसेट केलेलं असेल. तरी जिथं नुसता स्टोअर चालला असता तिथंही कम्पेअर-एक्सचेंजच ठेवा, जुळलं नाही तर इशारा छापून परत फिरा. खर्च थोडा, आणि बिघाड गुपचूप पुढं जात नाही.

अजून एक. डिस्क्रिप्टर कॉपी करताना पूर्ण स्ट्रक्चर मेमकॉपीनं उचलू नका. स्थितीचा शब्द अ‍ॅटॉमिक आहे, काही आर्किटेक्चरवर त्याच्या आत स्पिनलॉकही असतो. तो अ‍ॅटॉमिक-रीडनं वाचा, बाकीची फील्ड वेगळी कॉपी करा. प्रिंटकेमध्येही २०२० मध्ये हेच दुरुस्त करावं लागलं. आणि रीडरचा कॉपी-बफर स्टॅकवर नको. ६४-बिट एआरएमवर कर्नेल स्टॅक साधारण १६ केबीच असतो, ३२-बिटावर ८. ड्रायव्हर लोड होतानाच त्या बफरची मेमरी एकदा मागून ठेवा, म्हणजे पॅनिकमध्ये मेमरी मागायची वेळ येत नाही.